‘बिचारी’ कोणाला म्हणता?

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बँकेतून निवृत्त झाल्यापासून लिहायला लागले आहेत आणि बरं लिहितात. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या यंदाच्या अंकात त्यांचा पर्यटनावर लेख आहे. त्यात ‘नात्यातल्या एका दांपत्या’चा दाखला दिलाय. हे दांपत्य लेकीकडे अमेरिकेला गेलं, तिथून सांताक्रूझ नावाच्या समुद्रकाठच्या गावी तीन दिवस राहायला गेलं, आणि त्यातल्या दोन सकाळी त्यांनी रानात प्लास्टिकच्या थाळ्या फेकण्यात घालवल्या. पुढचं वाक्य जसंच्या तसं देते: ‘नवऱ्याच्या हौसेपायी बिचारी बायको झाडाझुडपांतून थाळ्या वेचत हिंडली.’

आमच्या नात्यात थाळ्या फेकून आलेलं दांपत्य एकच आहे. अंक आला त्या दिवशी ताईचा फोन आला, ‘अगं, मनावर नको घेऊस, त्यांचं आपलं असतंच.’ मी तोवर मनावर घेतलेलं नव्हतं, कारण मी वाचलेलंच नव्हतं. फोन ठेवला, वाचलं आणि घेतलं.

आता उत्तर. आरोप छापील आहे, तेव्हा उत्तरही छापीलच बरं.

आधी त्या ‘थाळी’चं बघू. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. गोल्फसारखाच, फक्त काठी आणि चेंडूऐवजी हातात वीतभर व्यासाची प्लास्टिकची चकती, दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमची. जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली आणि तिच्यावर गोल लोंबणाऱ्या साखळ्या. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो, ती खाली टोपलीत पडते. पहिली फेक ठरलेल्या ओट्यावरून, पुढची जिथे चकती पडली तिथून. कमी फेकींत टोपली गाठली तो जिंकला. अशा बहुतेक ठिकाणी अठरा टोपल्या, म्हणजे दोन-अडीच तासांची डोंगरातली चाल. टोपलीलाही सगळे ‘होल’च म्हणतात. भोक नसलं तरी नाव राहिलंय.

‘हा पोरखेळ आहे’ असं भावोजींचं म्हणणं. बरं. भावोजी स्वतः तीस वर्षं रोज सकाळी बॅडमिंटन खेळतात. पिसांचं फूल जाळीवरून इकडून तिकडे मारणं हा प्रौढांचा खेळ कधीपासून झाला? पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांना करमेना, त्यांनी एकोणिसाव्या शतकात त्या फुलाला नियम लावले तेव्हापासून. त्या खेळाचं एक जुनं नाव ‘पूना’च होतं. खो-खो तर आपल्या मातीतला. पोरं शतकानुशतकं पाठलाग करत होती, पण १९१४ साली डेक्कन जिमखान्याने नियम लिहून काढले आणि मग त्याचे सामने भरू लागले. सगळे खेळ आधी पोरखेळच असतात. कोणीतरी चिकट माणूस वही-पेन्सिल घेऊन बसतो, तेव्हा त्यांना मोठी माणसं लाजेकाजेशिवाय खेळू लागतात.

या खेळाचा चिकट माणूस म्हणजे एड हेडरिक. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत तो होता. फ्रिस्बीच्या पाठीवरच्या त्या गोल गोल रेघा आपण नक्षी समजतो. त्या तिने हवेत डगमगू नये म्हणून त्याने काढल्या आणि १९६७ साली त्याचं पेटंट मिळवलं. लॉस एंजलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली त्याने पहिलं कायमचं मैदान आखलं. शेजारी नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. कुंपणाच्या एका बाजूला ग्रहांकडे यानं सोडणारी मंडळी आणि दुसऱ्या बाजूला हे. सुरुवातीला टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. मग चकती खांबाला लागली की नुसती घासून गेली यावरून रोजची हुज्जत. (लगोरी खेळलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) ती हुज्जत मिटवायला हेडरिकने साखळ्यांची टोपली काढली. तिचं पेटंट १९७७ चं. त्याच्या आदल्या वर्षी त्याने प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन काढली आणि सभासद क्रमांक एक स्वतःला घेतला. २००२ साली तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या ओतल्या. भावोजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बघ, वेडेच लोक.’ असतील. पण अस्थी पाण्यात सोडणारे आपण हवेत सोडणाऱ्याला कशाला हसायचं?

बँकेतल्या माणसासाठी एक आकडाही देऊन ठेवते. २०२१ साली पॉल मॅकबेथ या खेळाडूशी एका चकत्या बनवणाऱ्या कंपनीने दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला. आणि त्याच वर्षी युटातल्या ऑग्डेनला जागतिक स्पर्धेच्या शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅड नावाच्या लांबसडक केसांच्या गड्याने २४७ फुटांवरून चकती थेट टोपलीत घातली, मॅकबेथशी बरोबरी केली आणि जादा होलवर त्याला हरवलं. ती फेक मी लेकीच्या फोनवर पाहिली. पुन्हा पाहिली. वाटल्यास भावोजींनीही बघावी आणि मग थाळी म्हणावं. म्हटलं तरी हरकत नाही म्हणा. थाळीफेक हा खेळ ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे आणि तिला कोणी पोरखेळ म्हणत नाही. फक्त तिथली पुरुषांची थाळी दोन किलोची असते.

दुसरा आरोप जास्त गंभीर आहे आणि तो अनेकांच्या मनात असतो. एवढं विमानाचं तिकीट काढून गेलात, तिथे जे पाहायचं ते सोडून खेळत काय बसलात? खेळ घरीही होतो.

घरी होत नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्यांपलीकडे बादली ठेवून आम्ही दोघं संध्याकाळी सराव करतो, तेवढंच. पण मुद्दा तो नाही. मुद्दा ‘पाहायचं’ या शब्दाचा आहे. भावोजींनी बावीस देश पाहिलेत, आणि प्रत्येक देशाची वही आहे. सहा वाजता उठणे, सात वाजता नाश्ता, आठ वाजता बस. टूर मॅनेजर डोंबिवलीचा, स्वयंपाकी कोल्हापूरचा, बसमध्ये अंताक्षरी. मला त्यात काही वावगं वाटत नाही, तोही एक आनंद आहे. पण त्या वह्यांत एकाही परक्या माणसाशी झालेलं बोलणं नाही, हे त्यांनीच एकदा बघावं.

आम्हीही पाहिलं. सांताक्रूझच्या किनाऱ्यावर १९२४ सालचा लाकडी जायंट डिपर आहे, करकरत वर चढणारा आणि किंचाळ्यांनिशी खाली येणारा. तो पाहिला, फोटो काढला. रेडवूडची झाडं पाहिली, मान मोडेस्तोवर. पण गाव कळलं ते डेलाव्हिएगा पार्कात. गावाच्या डोक्यावर टेकडीत हे मैदान आहे, १९८० च्या दशकातलं. ओक, नीलगिरी, पाइन, आणि उतार असे की चकती पडली की कडेवर उभी राहून घरंगळत निघते आणि आपण वरून हताशपणे बघत राहतो. तिथे खेळायला लागलं की झाडाकडे बघावंच लागतं. फांदी किती खाली आली आहे, तिच्याखालून जाईल का, खोडाच्या डावीकडून वाट आहे का. वारा बघावा लागतो. मी गवताची काडी चुरून सोडत होते, आपण होळीच्या आदल्या दिवशी धूर कुठे जाईल ते बघतो तशी. सकाळी धुकं होतं आणि दहाच्या सुमारास ते समुद्राकडून वर न येता उलट समुद्राकडे सरकलं, हे मला चकती दिसेनाशी झाल्यावर आणि पुन्हा दिसायला लागल्यावर कळलं. बसच्या खिडकीतून धुकं दिसलं असतं. ते कुठे निघालंय हे कळलं नसतं.

आणि सत्ताविसावं होल. (हे मैदान अठरावर थांबत नाही.) त्याला तिथले लोक जगाचा माथा म्हणतात. टेकडीच्या कण्यावर उभं राहून खाली दीडशे मीटरच्या पुढे असलेल्या टोपलीकडे फेकायचं, आणि तिच्याही पलीकडे गावाची छपरं आणि मॉन्टेरीचा उपसागर. ह्यांनी फेकलेली चकती सुटल्यापासून पडेपर्यंत मी मनात सहापर्यंत मोजलं. पन्नाशी उलटल्यावर आपण हातून सोडलेली एखादी वस्तू इतका वेळ हवेत राहते असं सहसा होत नाही.

समुद्रावर जाऊन समुद्रच बघावा, असं भावोजी लिहितात. त्यावरून आठवलं. १९३८ साली सांतामोनिकाच्या किनाऱ्यावर फ्रेड मॉरिसन नावाचा पोरगा आणि त्याची होणारी बायको ल्यूसिल समुद्राकडे पाठ करून एकमेकांकडे केक भाजायचं पत्र्याचं ताट फेकत होते. आदल्या वर्षी घरच्या जेवणावळीत लाह्यांच्या डब्याचं झाकण फेकून बघितलं होतं, त्याला पोचे पडले म्हणून हे ताट. बघणाऱ्या एकाने ते पंचवीस सेंटला मागितलं. दुकानात त्याची किंमत पाच सेंट होती. दोघांनी हिशेब केला आणि किनाऱ्यावर ताटं विकायला लागले. मधे महायुद्ध झालं, मॉरिसन वैमानिक म्हणून लढला, परत येऊन प्लास्टिकची चकती बनवली आणि १९५७ साली ती व्हॅम-ओला विकली. तीच पुढे फ्रिस्बी झाली. म्हणजे या सगळ्या खेळाच्या मुळाशी सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जाऊन ताट फेकणारं एक जोडपं आहे. आम्ही परंपरा मोडलेली नाही, पाळली आहे.

पैशाचं एका ओळीत आटोपते. सांताक्रूझ ज्या उपसागराच्या वरच्या टोकाला आहे त्याच्याच खालच्या टोकापलीकडे पेबल बीच आहे. तिथे चेंडूवाला गोल्फ एकदा खेळायला माणशी सहाशे डॉलरच्या वर पडतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात आम्ही हा खेळ शिकलो, तिथे एक पैसा पडत नाही, आणि चकती पंधरा डॉलरला मिळते.

एका बाबतीत मात्र भावोजी बरोबर आहेत आणि ते मान्य करायला मला जड जात नाही. झाडांना लागतं. ओट्यासमोरच्या पहिल्या दोन-तीन झाडांची साल सोलवटलेली मी पाहिली. हजारो पावलांनी जमीन घट्ट होते, पावसात माती वाहून जाते, मुळं उघडी पडतात. तिथले खेळाडू स्वतः लाकडाचा भुसा अंथरतात, ओटे हलवतात, पण मैदान जुनं झालं की खुणा राहतातच. उद्या कोणी कासच्या पठारावर साखळ्यांची टोपली रोवायला निघालं तर मी पहिली आडवी पडेन. हा खेळ कुठे खेळू नये यावर भावोजींनी लेख लिहिला असता, तर मी सही केली असती.

पण त्यांनी लिहिलं ‘बिचारी’वर.

तर ऐका. आमचे हे डावखुरे. शाळेत मास्तरांनी फूटपट्टीने हात सुजवून उजव्या हाताने लिहायला लावलं. जेवताना आजेसासूबाई डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावायच्या. साठ वर्षांच्या आयुष्यात त्या हाताला मानाचं काम कधी मिळालं नाही. लेकीने पहिल्यांदा चकती हातात दिली तेव्हा ह्यांनी ती सवयीने उजव्या हातात घेतली, फेकली, आणि ती तीन पावलांवर जमिनीत रुतली. मग इकडेतिकडे बघून गुपचूप डाव्या हातात घेतली.

उजव्या हाताने छातीपासून बाहेर फेकलेली चकती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत जाते आणि वेग कमी झाला की शेवटी डावीकडे कलते. डाव्या हाताची बरोबर उलट, उजवीकडे. म्हणजे वाट डावीकडे वळत असली तर माझी चकती आपोआप वळते, उजवीकडे वळत असली तर ह्यांची. जोडीने खेळायची एक रीत आहे: दोघांनी फेकायचं, दोन्हींतली बरी जागा निवडायची आणि दोघांनीही पुढची फेक तिथून करायची. त्या रीतीला एक उजवा आणि एक डावा अशी जोडी म्हणजे घबाड. डेलाव्हिएगाच्या ओट्यावर आमच्या मागे थांबलेल्या एका प्लंबर पोराने ह्यांचा हात बघितला आणि ‘तुम्ही लकी आहात’ असं मला म्हणाला. आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. ह्यांच्या डाव्या हाताबद्दल माझं अभिनंदन करणारा हा पहिला माणूस.

आणि वेचायचं म्हणाल तर सरळ हिशेब आहे. दूरची फेक ह्यांची, जवळची माझी. टोपलीपासून दहा मीटरच्या आत फेकताना तोल सावरून उभं राहावं लागतं, फेकल्यावर झोक जाऊन पुढे पाऊल पडलं तर तो नियमभंग. ह्यांचा पाय हटकून पुढे पडतो. माझा पडत नाही, लहानपणी लंगडी खूप खेळले आहे. पहिल्या दिवशी अठरापैकी अकरा वेळा साखळ्या मी वाजवल्या. खळ्ळकन. तो आवाज ऐकल्याशिवाय या खेळावर कोणी लिहू नये असं माझं मत झालंय. एस्टोनियाची क्रिस्टिन तातर २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं जगज्जेती झाली. तिने कोणाच्या थाळ्या वेचल्या, तेही भावोजींनी कळवावं.

नवरा-बायकोने सुट्टीत स्पर्धा करू नये, भांडणं होतात, असंही त्या लेखात आहे. झालं ना भांडण. कशाला लपवू? वाट सरळ होती आणि डावीकडे दाट झुडपं. हे म्हणाले, ‘अगं, डावीकडच्या झाडांना घासून मार, शेवटी आत येईल.’ मी मारली. ती आत यायची सोडून आणखी डावीकडे वळली आणि झुडपांत गडप झाली. माझी निळी चकती, लेकीने दिलेली. मी म्हटलं, ‘अहो, आत येते ती तुमची! माझी बाहेर जाते!’ ह्यांना खरंच सुचलं नव्हतं. सदतीस वर्षं माणूस आपल्याला सल्ला देताना स्वतःचाच हात धरून देत असतो, हे मला त्या झुडपासमोर उभं राहून कळलं, आणि मी ते बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं.

हे भरपाई म्हणून झुडपात शिरायला निघाले. मागच्या प्लंबर पोराने धावत येऊन दंड धरला. चकचकीत पानं, तीन तीन एकत्र. पॉयझन ओक. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं. अंगाला लागलं तर बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. चकती शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात. आम्ही तिघंही ती तीन मिनिटं झुडपाच्या कडेला उभं राहून आत बघत होतो. मग मी ह्यांच्या चकतीच्या जागेवरून खेळले. पुढचे दोन होल आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्याला ह्यांनी फेकायच्या आधी विचारलं, ‘तुला कुठून सोयीचं पडेल?’

आता घरी असतो तर काय झालं असतं? भांडण झालं असतं, मग हे पेपर घेऊन बसले असते आणि मी कुकर लावला असता. इथे पेपर नव्हता, कुकर नव्हता, आणि मागे माणसं थांबली होती म्हणून पुढे जाणं भाग होतं. सहलीच्या बसमध्ये तर भांडायचीही सोय नाही, पुढच्या सीटवरच्या काकू ऐकत असतात. भावोजी आणि ताई बावीस देशांत एकदाही भांडले नाहीत असं ते अभिमानाने लिहितात. ताईला विचारलं. ती म्हणाली, ‘अगं, हे पुढच्या सीटवर बसायचे, गाइडजवळ.’

भावोजी, आमच्यात बिब्बा घालायचा तुमचा हेतू नव्हता हे मला ठाऊक आहे. तुम्हाला माझी खरोखर कीव आली. पण बाई नवऱ्याबरोबर रानात गेली म्हणजे ती त्याच्या हौसेपायीच गेली असणार, तिला स्वतःची हौस असू शकत नाही, हे तुम्ही गृहीत कशावरून धरलंत? सांताक्रूझला जायचं मी ठरवलं होतं. मैदान मी शोधलं होतं. ह्यांना पहिल्या दिवशी समुद्रावर झोपायचं होतं.

एक गोष्ट राहिली. चकतीच्या पोटाशी मार्करने फोन नंबर लिहायची तिथे पद्धत आहे. माझ्या निळ्या चकतीवर लेकीचा होता. आम्ही परत आल्यावर दोन महिन्यांनी तिला निरोप आला: सापडली आहे, साबणाने धुतली आहे, या आणि घेऊन जा. लेक सनीव्हेलला राहते. एका शनिवारी ती डोंगर ओलांडून सांताक्रूझला गेली, चकती घेतली, परत आली. येऊन-जाऊन साठ-सत्तर मैल, पंधरा डॉलरच्या चकतीसाठी. पेट्रोल किती लागलं ते तिने मला सांगितलंय. भावोजींना तो आकडा मी कळू देणार नाही.